सामाजिक शास्त्रांच्या तासाला सगळ्यांचा इतिहास: शिक्षक आणि पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र शिकवणाऱ्यांच्या शिक्षण परिषदांमध्ये, पालकसभांमध्ये आणि स्टाफरूममधल्या गप्पांत हेच प्रश्न फिरून फिरून येतात. उत्तरं महाराष्ट्रातल्या शाळा डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. सगळ्या उत्तरांमागे म्हणणं एकच आहे: आदिवासी, भटके-विमुक्त, दलित, अल्पसंख्याक, स्थलांतरित मजूर ही माणसं आपल्या इतिहास-भूगोलात पहिल्यापासून आहेत. त्यांच्यासाठी वेगळी खोली बांधायची गरज नाही, मुख्य धड्यातच त्यांना त्यांची जागा द्यायची आहे.

पुस्तक ठरलेलं, पोर्शन ठरलेला, तासिका चाळीस मिनिटांची. त्यात हे बसवायचं कसं?

नवा धडा घेऊच नका. जो धडा चालू आहे त्यातच एखादा प्रश्न वाढवा.

रेल्वेचं उदाहरण घ्या. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, हे प्रत्येक मुलाला पाठ असतं. मग विचारा, ‘रेल्वे येण्याआधी धान्य आणि मीठ एवढ्या लांब कोण नेत होतं?’ पुढचा सगळा तास त्या प्रश्नावर चालतो. लमाण-बंजारा समाजाचे शेकडो बैलांचे तांडे घाट उतरून मीठ आणायचे आणि देशावरचं धान्य खाली न्यायचे. सैन्याची रसदसुद्धा त्यांच्याच बैलांवरून जायची. रेल्वे आली, पक्के रस्ते झाले, मिठाच्या व्यापारावर सरकारी कर आणि निर्बंध आले, आणि दोन-तीन पिढ्यांत हा धंदा बसला. १८५३ हे साल एका समाजासाठी प्रगतीचं होतं आणि दुसऱ्यासाठी पोट जाण्याचं, दोन्ही खरं. त्याच समाजातले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, हेही त्याच तासाला सांगता येतं. टाचणात एक ओळ वाढते, एवढंच.

आम्ही ९ ऑगस्टला आदिवासी दिन करतो, ३१ ऑगस्टला विमुक्त दिन, २६ नोव्हेंबरला संविधान दिन. तेवढं पुरेसं नाही का?

दिन जरूर करा. पण वर्षाचे बाकी दिवस ती माणसं धड्यात नसतील, तर मुलं एवढंच शिकतात की हे लोक वर्षातून एकदा येतात.

वेशभूषा स्पर्धेबद्दल मात्र स्पष्ट सांगायला हवं. अंगाला काळा रंग, कमरेला पानं, हातात भाला देऊन मुलाला ‘आदिवासी’ म्हणून स्टेजवर उभं करणं बंद करा. समोर प्रेक्षकांत बसलेल्या ठाकर किंवा कातकरी मुलीचे आईवडील साडी आणि शर्ट-पँट घालून कामाला जातात. ती काय समजेल?

वारली चित्रांचंही तसंच होतं. चित्रकलेच्या तासाला सगळी मुलं त्रिकोणी माणसं काढतात, परिपाठाच्या फळ्याभोवती तारपा नाच रंगवला जातो आणि तिथेच ते थांबतं. मुळात गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक काढायच्या त्या सवाशिणी, आणि लग्न लावायची ती धवलेरी, म्हणजे बाई. इथून इतिहासाच्या तासाला येता येतं. डहाणू-तलासरी भागात ज्या वारली कुटुंबांच्या भिंतींवर हे लग्नचौक उमटत होते, त्यांतल्या कित्येकांनी त्याच लग्नासाठी जमीनदाराकडून थोडे पैसे उचललेले असायचे. ते फिटेपर्यंत नवरा-बायको दोघंही त्याच्याकडे राबायची. कर्ज कधी फिटायचंच नाही. अशा गड्याला लग्नगडी म्हणत. १९४५ मध्ये गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या सोबतीने वारली उठले ते या लग्नगडी प्रथेविरुद्ध आणि वेठीविरुद्ध. चौक आणि लग्नगडी एका तासात शेजारी शेजारी ठेवले की मुलांना वारली समाज चित्रापलीकडे दिसतो.

म्हणजे पाठ्यपुस्तकांत ही माणसं नाहीतच असं म्हणायचं आहे का?

नाही, तसं म्हणणं अन्यायाचं होईल. नामदेव शिंपी, गोरा कुंभार, सावता माळी, चोखामेळा, जनाबाई यांना आपण पुस्तकातच भेटलो. प्रतापगडावरचे जिवा महाला, पन्हाळ्यावरचे शिवा काशीद मुलांना माहीत असतात. तिसरीची परिसर अभ्यासाची पुस्तकं जिल्हानिहाय निघत आली आहेत, ती तर स्थानिक समाज वर्गात आणायची मोठी सोय आहे.

अडचण असते ती शिकवण्याच्या वेगाची. चोखोबांचं नाव संतांच्या यादीत वाचून आपण पुढे जातो. ते विठ्ठलाचे एवढे मोठे भक्त, मग त्यांची समाधी मंदिराच्या पायरीपाशी का, हा प्रश्न यादीत येत नाही, तो शिक्षकालाच विचारावा लागतो. संतांच्याच यादीत श्रीगोंद्याचे शेख महंमदही घ्या, त्यांच्या मराठी रचना वारकरी परंपरेने आपल्या मानल्या आहेत.

‘बारा बलुतेदार’ हा भाग कसा शिकवावा? मुलं पाठ करतात आणि विसरतात.

आपल्या अभ्यासक्रमात नीट शिकवण्यासारखी इतकी भरलेली जागा दुसरी नसेल, आणि ती आपण सर्रास वाया घालवतो. बहुतेक वेळा मजकूर असा असतो: सुतार लाकूडकाम करी, लोहार अवजारं बनवी, कुंभार मडकी घडवी, सगळे गुण्यागोविंदाने राहत. फळ्यावर तक्ता, तक्त्यात बारा नावं, झालं.

तक्त्यात आणखी तीन रकाने आखा. पहिला, मोबदला काय आणि कधी मिळायचा? सुगीला खळ्यावर धान्य, तेही सगळ्यांना सारखं नाही. दुसरा, घर गावात की गावकुसाबाहेर? तिसरा, पाणी कुठलं? हे रकाने भरताना वर्गाच्या लक्षात येतं की महार आणि मांग बलुतेदारांच्या यादीत आहेत, गावची राखण करताहेत, शिवेचा वाद निघाला की हद्द दाखवताहेत, सांगावा घेऊन पायी जाताहेत, मेलेली जनावरं ओढताहेत, आणि तरी पाणवठ्यावर त्यांना जागा नाही. काम न करण्याची मुभाही नव्हती. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाबद्दल, म्हणजे वंशपरंपरेने आलेल्या या गावकामाबद्दल, विधेयक मांडलं ते याचसाठी.

आणखी एक रकाना सुचवतो, बाईच्या कामाचा. कुंभारणीने माती मळल्याशिवाय चाक फिरत नव्हतं, पण तक्त्यात फक्त कुंभार येतो.

इथून थेट महाडला जा. चवदार तळ्याच्या सत्याग्रहात नागरिकशास्त्राचा अर्धा अभ्यासक्रम आहे. १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मांडला की सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, आणि तो संमत झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. पुढे वाद कोर्टात गेला आणि १९३७ मध्ये उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. कायदेमंडळ, स्थानिक स्वराज्य संस्था, लोकांची चळवळ आणि न्यायालय अशी चारही अंगं एका तळ्याच्या काठी दिसतात. नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस आणि अनंतराव चित्रे हे सवर्ण कार्यकर्तेही त्या लढ्यात होते, ते सांगा. वर्गातल्या सवर्ण मुलांनाही या गोष्टीत उभं राहायला जागा मिळते, आणि ती खरी जागा आहे.

एकच करू नका. ‘तुमचं घराणं यातल्या कुठल्या बलुत्यातलं, विचारून या’ असा गृहपाठ देऊ नका.

वर्गात जातीचा विषय काढला तर नसलेली जात मुलांच्या मनात आपणच घालतो, असं पालक म्हणतात.

मुलांना ती आधीच ठाऊक असते. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना कोणाला उभं केलं जातं, डब्याला कोण कोणाशेजारी बसतं, गावातल्या कुठल्या आळीला काय म्हणतात, हे तिसरीतल्या मुलाला कळतं. जातिवाचक वस्त्यांची नावं बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला तो डिसेंबर २०२० मध्ये, म्हणजे अगदी काल-परवा. शिक्षक गप्प राहिले तर मुलं हा विषय पारावर आणि मोबाइलवर शिकतील. वर्गात तो संविधानाच्या सोबतीने येतो.

पालकांची काळजी खोटी नाही. म्हणून बोलताना भूतकाळातली व्यवस्था आणि समोर बसलेलं मूल यांत अंतर ठेवा. बोट कायम व्यवस्थेकडे हवं.

त्या समाजाचं मूल वर्गात असेल तर त्यालाच बोलतं करावं का?

‘ए, तुमच्यात लग्नाला काय करतात रे, सांग सगळ्यांना.’ हे वाक्य प्रेमाने म्हटलं जातं आणि त्या मुलाच्या पोटात गोळा येतो. तो दहा वर्षांचा आहे, समाजाचा प्रवक्ता नाही. शिवाय आपली भाषा, आपला देव, आपलं खाणं यांवर वर्ग कसा हसतो याचा अनुभव त्याच्या गाठीला असतो.

त्यापेक्षा सगळ्या वर्गाला एकच प्रश्न द्या: आपल्या घरात कोण कुठून आलं? आजी, आजोबा, मामा, शेजारच्या मावशी, कोणालाही विचारून या. मग गोसाव्याचं मूल, मारवाड्याचं मूल आणि देशमुखांचं मूल एकाच पातळीवर येतात, कारण प्रत्येकाच्या घरात कोणीतरी कुठूनतरी आलेलंच असतं. ज्याला सांगायचं नाही त्याने वहीत लिहावं, आणि ज्याला लिहायचंही नाही त्याला सोडून द्यावं.

मोठ्या माणसांना मात्र बोलवा. शाळा व्यवस्थापन समितीत वडार वस्तीवरचे कोणी पालक असतील तर दगड कसा बघतात, टाका कसा घालतात हे त्यांच्याइतकं छान कोण सांगणार? त्यांना आहेर-सत्काराच्या कार्यक्रमात अडकवू नका. जाणकार पाहुणे म्हणून बोलवा, खुर्ची द्या, मुलांना प्रश्न विचारू द्या.

अफजलखान वधाचा धडा असला की वर्गातल्या मुस्लीम मुलांकडे सगळे बघतात. काय करावं?

धडा पातळ करायची गरज नाही, तो पूर्ण सांगावा. लढाई आदिलशाही आणि स्वराज्य यांच्यातली होती, हे पहिल्या वाक्यातच ठेवा. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता. महाराजांचा फार्सी पत्रव्यवहार पाहणारे काझी हैदर होते, आरमारात दौलतखान होते. पन्हाळ्याला वेढा घालून बसला होता सिद्दी जौहर, आणि तो वेढा फोडायला नेताजी पालकरांबरोबर आलेल्यांत सिद्दी हिलाल होता. एकाच वेढ्याच्या दोन बाजूंना दोन सिद्दी, म्हणजे आफ्रिकी वंशाचे मुस्लीम सरदार! ही माहिती मुलांना दिली की धर्मावरून बाजू ठरवण्याचा हिशोब आपोआप कोलमडतो. प्रतापगडाच्या पायथ्याशी खानाची कबर आहे, तीही सांगा.

आणि ‘आपण’ व ‘ते’ हे शब्द शिकवताना जपून वापरा. स्वराज्य हे वर्गातल्या प्रत्येक मुलाचं आहे. ‘आपल्या मावळ्यांनी’ म्हणताना समोरच्या शेवटच्या बाकावरचं मूलही त्या ‘आपल्या’त धरलेलं असावं.

भटक्या-विमुक्तांबद्दल शिकवायला नेमकं काय आहे?

१८५७ नंतरच्या इंग्रजी राजवटीचे कायदे आपण शिकवतोच. त्यांत १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा घ्या. या कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. १९११ च्या कायद्यानंतर त्याचा अंमल देशभर पसरला. पारधी, कैकाडी अशा कित्येक जमातींच्या माणसांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे आणि परवान्याशिवाय गाव सोडता येत नसे. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत होती, आजही तिथले लोक त्या भागाला सेटलमेंट म्हणतात. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला, हा कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला. मधली पाच वर्षं आणि सोळा दिवस मुलांना स्वतः मोजू द्या. फळ्यावर वजाबाकी झाल्यावर वर्गात जी शांतता होते ती मी पाहिली आहे, त्यानंतरचे प्रश्न मुलंच विचारतात.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी ही हजेरीची पद्धत बंद केली आणि फासेपारध्यांना आपल्याकडे नोकरीत घेतलं. राज्यकर्ता वेगळा निर्णय घेऊ शकत होता, याचा यापेक्षा चांगला दाखला नाही.

भूगोलात समाज कुठे येतो? तिथे तर नद्या, पिकं आणि धरणं.

प्रत्येक धरणाखाली गावं असतात. कोयनेच्या धड्यात विजेचे आकडे असतात. खोऱ्यातली माणसं उठून रायगड, ठाणे, सोलापूरकडे वसवली गेली ते नकाशावर दाखवा. सरदार सरोवराने नंदुरबार जिल्ह्यातली ३३ आदिवासी गावं बाधित केली. मुळशीकरांनी १९२१ मध्येच सेनापती बापटांबरोबर धरणाविरुद्ध सत्याग्रह केला होता.

उसाचा पट्टा शिकवताना तर जिवंत माहिती वर्गात बसलेली असते. आमच्या शाळेत दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेली सातवीतली एक मुलगी चैत्रात परतली. नकाशाभरणात तिची पाटी कोरी असणार असं सगळ्यांनी धरलं होतं. मोकळा नकाशा दिल्यावर तिने बीड जिल्ह्यातल्या तिच्या तांड्यापासून कोल्हापूरकडच्या कारखान्यापर्यंतची वाट काढली: ट्रक कुठे थांबला, कुठल्या नदीवर पूल लागला, कुठून पुढे काळी माती संपून वेगळी जमीन सुरू झाली. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादम उचल (आगाऊ पैसे) देतो, कोपीत (पाचटाच्या झोपडीत) पहाटे तीनला चूल पेटते, वाढे (उसाचे हिरवे शेंडे) विकून रोजचा खर्च भागतो, हे सगळं अर्थव्यवस्थेच्या धड्यातलं ज्ञान तिच्याकडे होतं. सहा महिने गैरहजर अशी नोंद असलेल्या मुलीला महाराष्ट्र बाकीच्या वर्गापेक्षा जास्त ठाऊक होता. तिने ते स्वतःहून काढलं, कोणी तिला उभं केलं नव्हतं. मोकळा नकाशा सगळ्यांनाच दिला होता.

नागरिकशास्त्रासाठी एखादं चांगलं उदाहरण?

गडचिरोलीतलं मेंढा (लेखा). ग्रामसभा म्हणजे काय, हे पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा या गोंड गावावरून लवकर कळतं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा. निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेतात, एकाचा विरोध असला तरी चर्चा पुढे चालू राहते. वनहक्क कायदा २००६ चा, आणि सामूहिक वनहक्क सगळ्यांत आधी मिळवणाऱ्या गावांत हे गाव होतं, २००९ मध्ये. वर्गाची सहल कुठे न्यायची हा निर्णय याच पद्धतीने घेऊन बघा. वेळ जातो, पण मतदान आणि सहमती यांतला फरक नंतर समजावावा लागत नाही.

आमची शाळा मुंबईत आहे. इथे कुठला स्थानिक समाज?

मुंबईत तर कुठून सुरुवात करावी हाच प्रश्न. कोळीवाडे शहराच्या आधीपासून आहेत. वांद्रे, गोराई, वसईकडचे ईस्ट इंडियन ख्रिस्ती आपल्या वळणाची मराठी बोलतात. गिरण्यांच्या चाळी कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांनी भरल्या.

बेने इस्रायलींची गोष्ट मुलांना फार आवडते. पेणकर, किहीमकर, रोहेकर, दिवेकर ही आडनावं वाचून मुलांना विचारा, ही माणसं कोण? पेण, किहीम, रोहा, दिवे ही गावं रायगड जिल्ह्याच्या नकाशावर शोधायला लावा. मग सांगा की हे ज्यू आहेत. अलिबागजवळ नवगावला पूर्वजांची जहाजं फुटली असं त्यांची परंपरा सांगते. तेलाच्या घाण्याचा धंदा करायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. १९४८ नंतर बरेच जण इस्रायलला गेले आणि तिथल्या जुन्या पिढीच्या घरांत आजही मराठी ऐकू येते.

वर्गात काही मुलांची भाषा पावरी, गोंडी, कोरकू किंवा गोरबोली आहे. त्यांना धडा कळतच नाही.

पहिली-दुसरीत आणि परिसर अभ्यासाला मुलाच्या भाषेतून बोलू द्या. झाडं, अवजारं, नाती, सण यांची नावं फळ्यावर दोन्ही भाषांत लिहा, उच्चार मुलांकडून शिकून घ्या. शक्य तिथे मातृभाषेतून शिकवावं हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्येच आहे.

कोणी तक्रार केली की ‘शाळेत राजकारण शिकवतात’, तर?

तासाआधीच तयारी ठेवा. टाचणात पाठ्यपुस्तकाचं पान, अध्ययन निष्पत्ती आणि घेतलेला प्रश्न लिहिलेला असावा. अभ्यासक्रम संविधानातल्या मूल्यांना धरून असावा, हेही कलम २९ सांगतं. मुख्याध्यापकांना आधी कल्पना द्या. तक्रार घेऊन आलेल्या पालकांना पुढच्या तासाला मागे बसायला बोलवा; बहुतेकांचं समाधान तिथे होतं, कारण त्यांच्या कानावर जे गेलेलं असतं ते आणि वर्गात जे चालतं ते यांत फार अंतर असतं. कुठल्याही पक्षाचं किंवा आजच्या पुढाऱ्याचं नाव या तासांत नको.

परीक्षेत याचे गुण कुठे?

आकारिक मूल्यमापनात प्रकल्प, मुलाखत, नकाशा, तोंडी काम यांना जागा आहे, तिथे. वर्णनात्मक नोंदीत ‘प्रश्न विचारते’ असं लिहिता आलं तर ते जरूर लिहा.

समाजांबद्दलची माहिती खरी आहे हे कसं पारखायचं?

व्हॉट्सअॅपवर फिरणारे ‘आपल्या समाजाचा गौरवशाली इतिहास’ असले मजकूर थेट वर्गात नेऊ नका, कोणत्याही समाजाचे असोत. जिल्हा गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचे सरकारी ग्रंथ, उपयोगी आहेत, पण एकोणिसाव्या शतकातल्या मुंबई इलाख्याच्या जुन्या खंडांत इंग्रज अधिकाऱ्यांनी कित्येक जातींना ‘चोरटे’, ‘आळशी’, ‘घाणेरडे’ असली विशेषणं लावली आहेत. त्यांतून गावं, धंदे, बाजार, रस्ते यांची माहिती घ्या, विशेषणं वगळा. आठवी-नववीच्या वर्गात तोच उतारा मुलांपुढे ठेवून ‘हे कोणी लिहिलं, कोणासाठी, आणि ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांना विचारलं होतं का?’ असं विचारता येतं. त्या समाजातल्या माणसांनी स्वतः लिहिलेलं काही मिळालं तर ते आधी वाचा. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आलेला मुक्ता साळवे यांचा निबंध मांग-महारांच्या दुःखाविषयी आहे. लिहिणारी स्वतः मांग समाजातली, फुले दांपत्याच्या शाळेतली, चौदा-पंधरा वर्षांची विद्यार्थिनी होती. नववीच्या वर्गासाठी याहून जवळचं साधन शोधत बसायची गरज नाही.